ॲना फ्रॉइड आणि चिठ्ठ्यांवर नोंदलेली मुले

संकटातून मूल कितपत सावरेल, याचा अंदाज घेणाऱ्या प्रश्नावल्या आता जगभर वापरल्या जातात. त्यांपैकी एका प्रसिद्ध प्रश्नावलीत २८ विधाने आहेत. मुलाने प्रत्येकापुढे एक ते पाचपैकी आकडा निवडायचा. असा कागद हाती आला की मला ॲना फ्रॉइड आठवतात. त्यांच्याकडे अशी प्रश्नावली नव्हती आणि वैद्यकीय पदवीही नव्हती.

१८९५ साली व्हिएन्नात जन्मलेल्या ॲना या सिग्मंड फ्रॉइड यांच्या सहा अपत्यांतील शेंडेफळ. आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मग मुलांच्या मनोविश्लेषक. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतले, गेस्टापोने त्यांना चौकशीसाठी नेले, आणि जूनमध्ये आजारी वडिलांसह त्यांनी लंडन गाठले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले, वडीलही त्याच महिन्यात गेले.

१९४१ मध्ये डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह त्यांनी हॅम्पस्टेड भागात युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरे उघडली. पैसा अमेरिकी संस्थेचा, आणि तिला दरमहा अहवाल द्यायचा. कामाला बऱ्याचशा तरुण मुली, त्यांतल्या कित्येक स्वतःच निर्वासित. मुलांचे जे जे दिसेल ते त्यांनी चिठ्ठीवर टिपायचे, असा दंडक होता. त्या नोंदींतून दिसले की, आई जवळ असेल आणि ती शांत असेल, तर बॉम्बहल्ल्याने लहान मूल फारसे ढळत नाही. तिच्यापासून तुटले की मात्र ढासळते.

मग त्यांनी मोजक्या मुलांमागे एकेक ठरावीक सेविका नेमून छोटी ‘कुटुंबे’ केली. पहिल्या काही दिवसांत रडारड, मत्सर, ‘माझी, माझी’ अशी ओढाताण! त्या आठवड्यात कुणी गुण दिले असते, तर मुले बिघडली असाच निकाल लागला असता. घडी बसली तशी बोलणे आणि शी-शूच्या सवयी झपाट्याने सुधारल्या. एकदाच केलेल्या मोजमापावर मी फार विसंबत नाही, ते यामुळेच.

१९४५ मध्ये थेरेझिनश्टाटच्या छळछावणीतून सुटलेली, तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुले इंग्लंडला आली. ससेक्समधल्या बुलडॉग्ज बँक या घरात त्यांना ठेवले. ती खेळणी मोडत, मोठ्यांना चावत, थुंकत. एकमेकांना मात्र क्षणभरही सोडत नसत. एखादे नजरेआड झाले की बाकीची कासावीस होत. जेवताना शेजाऱ्याला देणे हे स्वतः खाण्यापेक्षा महत्त्वाचे. वर्षभरात ती नवी भाषाही शिकली. वागणुकीच्या कोणत्याही तक्त्यात ही मुले तळाला गेली असती. ॲनांनी १९५१ च्या निबंधात त्यांच्या परस्परांतील जिव्हाळ्याला त्यांच्या तगण्यात मोठे स्थान दिले.

सहाच मुले, तुलनेला दुसरा गट नाही आणि अर्थ लावताना वडिलांच्या सिद्धान्ताचा चष्मा, या उणिवा खऱ्याच. पण निरीक्षणे टिकली. १९६५ च्या पुस्तकात त्यांनी ‘विकासरेषा’ मांडल्या: परावलंबनातून स्वावलंबनाकडे, स्वतःत गुंतण्यातून सवंगड्यांकडे, अशा अनेक रेषांवर मूल कुठे उभे आहे ते पाहायचे. म्हणजे एका बेरजेऐवजी अनेक नोंदी. आजच्या त्या २८ विधानांमध्येही घर, मित्र, शाळा, समाज यांविषयीची विधाने बरीच आहेत, हे आमच्याकडे नुसती बेरीज वाचणाऱ्यांनी पाहायला हवे.

व्हिएन्ना विद्यापीठाने १९७२ मध्ये त्यांना वैद्यकाची मानद पदवी दिली. १९८२ मध्ये त्या लंडनमध्ये वारल्या. त्याआधी, १९७३ मध्ये, दोन सहलेखकांसह त्यांनी मुलांच्या ताब्याच्या खटल्यांवर पुस्तक लिहिले होते. निकाल मुलाच्या कालगणनेने लवकर द्या, असा त्यांचा आग्रह होता. कोर्टाला किरकोळ वाटणारे काही महिने दोन वर्षांच्या मुलाला फार मोठे असतात.