काळ्या दगडांचा पारखी : सर लुईस ली फर्मोर

नागपूरहून रामटेककडे जाताना मनसर, कांद्री, बेलडोंगरी ही गावे लागतात. मँगनीजच्या खाणींसाठी हा परिसर शंभराहून अधिक वर्षे प्रसिद्ध आहे. मात्र येथील काळ्या दगडांना शास्त्रात स्थान मिळवून देणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाचे नाव आज नागपूरकरांनाही फारसे आठवत नाही. ते नाव म्हणजे सर लुईस ली फर्मोर.

फर्मोर यांचा जन्म १८८० मध्ये लंडनमध्ये झाला. तेथील रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिक्षण घेऊन ते १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. मध्य प्रांतात मँगनीजचे उत्खनन नुकतेच सुरू झाले होते आणि पोलाद कारखान्यांकडून मागणी वाढत होती. देशभरातील मँगनीजच्या साठ्यांचा अभ्यास करण्याचे काम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. हिवाळ्यात तंबू ठोकून रानोमाळ हिंडायचे आणि उन्हाळ्यात कलकत्त्यास परतून नमुने तपासायचे, असा त्या काळच्या सर्वेक्षकांचा शिरस्ता होता.

काम वाटते तितके सोपे नव्हते. मँगनीजची बहुतेक खनिजे दिसायला सारखीच. काळी किंवा पोलादी करडी. त्यांची पारख करण्यासाठी मुक्कामावर हातोडा, भिंग, चाकू, लोहचुंबक आणि चिनी मातीचा खडबडीत तुकडा एवढीच साधने असत. पायरोल्युसाइट मऊ, हाताळले की बोटे काळी होतात. ब्राउनाइटवर चाकूचा ओरखडा उमटत नाही. दगड चिनी मातीवर घासला की उमटणाऱ्या रेघेला ‘कस’ म्हणतात. त्याचा रंग पुष्कळदा दगडाच्या रंगापेक्षा अधिक खरे सांगतो. टाकणखाराच्या मण्यात कणभर चूर्ण घालून फुंकनळीच्या ज्योतीत तापवले आणि मणी जांभळा झाला, की मँगनीजची खात्री पटते. परंतु ते नेमके कोणते खनिज, हा प्रश्न तरीही उरतोच.

मध्य भारतातील झाबुआ संस्थानात काजळीडोंगरी येथे फर्मोर यांना चकचकीत, लांबट स्फटिकांचे खनिज आढळले. ते परिचित खनिजांत बसेना. पृथक्करणात त्यात बेरियम असल्याचे दिसून आले. सर्वेक्षणाचे तत्कालीन संचालक थॉमस हॉलंड यांच्या सन्मानार्थ १९०६ मध्ये त्याचे ‘हॉलंडाइट’ असे नामकरण झाले. बेलडोंगरीच्या एका दगडाकडे लोहचुंबक जोराने ओढला जात असे. त्यास सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’ हे नाव मिळाले. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार गावावरून ‘सीतापाराइट’ आले, तर मँगनीजयुक्त गार्नेट व क्वॉर्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी तेथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ म्हटले. १९०९ मध्ये हजारांहून अधिक पानांचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. सीतापारच्याच एका फिकट खनिजाला पुढे लंडनच्या संशोधकांनी ‘फर्मोराइट’ हे नाव दिले.

काळाची कसोटी मात्र कठोर ठरली. क्ष-किरणांचे तंत्र आले आणि १९४० च्या दशकात सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच नोंदलेले बिक्सबाइट असल्याचे सिद्ध झाले. व्रेडेनबर्गाइट हे एक खनिज नसून दोन खनिजांची गुंफण निघाली. फर्मोराइट हे नावही २०१० मध्ये शास्त्रीय यादीतून वगळण्यात आले. यात फर्मोर यांच्या नजरेचा दोष मानता येत नाही. हे दगड नेहमीच्या मँगनीज खनिजांहून निराळे आहेत, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांची अंतर्गत रचना पाहण्याचे साधन तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

या भटकंतीची किंमत घराने मोजली. मुलगा पॅट्रिक १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला आणि महायुद्धाच्या काळात तेथेच एका कुटुंबाकडे ठेवला गेला. पुढे आईवडील विभक्त झाले. भारतातल्या दूरच्या डोंगरांत रमलेले वडील त्याच्या वाट्याला फार थोडे आले. हाच मुलगा पुढे इंग्रजीतील ख्यातनाम प्रवासलेखक झाला. पायी हिंडण्याचा वारसा तेवढा त्याच्याकडे आला, असे म्हणावे लागेल.

फर्मोर पुढे सर्वेक्षणाचे संचालक झाले. १९३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १९३५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, ते पहिले अध्यक्ष होते. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी नाव दिलेल्या खनिजांपैकी हॉलंडाइट मात्र टिकले. त्याच्या स्फटिकात अणूंच्या रांगांमध्ये बोगद्यांसारख्या पोकळ्या असतात. अणुभट्टीच्या कचऱ्यातील किरणोत्सर्गी सीझियम अशा पोकळ्यांत बंदिस्त करता येईल, हे ओळखून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या कृत्रिम खडकात हॉलंडाइटच्या रचनेचा उपयोग केला. झाबुआच्या एका टेकडीवर वेगळा म्हणून बाजूला काढलेला काळा दगड असा सातासमुद्रापार उपयोगी पडला.