विनोबा भावे : दानावर उभ्या अर्थव्यवहाराचा प्रयोग

१८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा भावे तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्ली गावी पोचले. गावातील हरिजन कुटुंबांनी त्यांच्यापुढे एकच मागणी ठेवली, ती ८० एकर जमिनीची. निम्मी कोरडवाहू, निम्मी ओलिताची. ही मागणी सरकारकडे पाठविण्याचा विचार विनोबांच्या मनात आला होता. तत्पूर्वी त्यांनी सभेतच विचारून पाहिले, की गावापैकी कोणी काही देऊ शकेल काय. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. मागितल्यापेक्षा अधिक मिळाले, आणि तेही कायदा, किंमत वा बंदूक यांपैकी कशाचाही आधार न घेता. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. एका गावात जे घडले ते देशभर घडू शकते काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि पुढची तेरा वर्षे तो त्यांना पायी चालवीत राहिला.

या प्रश्नाची मुळे मात्र फार मागची होती. विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. देण्याचे पहिले धडे त्यांनी आई रुक्मिणीबाईंकडून घेतले. घरच्या फणसाचे गरे आधी शेजारीपाजारी वाटावयाचे आणि मग मुलांनी खावयाचे, असा त्या घरचा रिवाज होता. एकदा शेजारची गृहिणी परगावी गेली असता रुक्मिणीबाई आधी घरचा स्वयंपाक उरकून मग शेजाऱ्याकडे रांधावयास जात. आधी आपले, मग दुसऱ्याचे, हा स्वार्थ नव्हे काय, असे विन्याने विचारले. शेजाऱ्याला जेवण गरम मिळावे म्हणून आपण उशिरा जातो, असे आईने समजाविले. दान हे घेणाऱ्याच्या सोयीने करावयाचे असते, हे सूत्र त्यांच्या मनात तेथेच रुजले.

वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते, त्यामुळे विनोबांचे शिक्षण त्या शहरात झाले. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत वाढलेल्या तेथील ग्रंथालयात त्यांनी विपुल वाचन केले. मित्रांसह विद्यार्थी मंडळ चालविले. परंतु पदवी, नोकरी, पगार या चाकोरीत त्यांचे मन रमेना. आपली प्रमाणपत्रे त्यांनी एके दिवशी आईदेखत चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेस उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले आणि विदर्भ हीच त्यांची कर्मभूमी झाली.

वर्ध्याजवळील नालवाडीत त्यांनी एक कठोर प्रयोग केला. दिवसभर सूत कातावयाचे आणि त्या श्रमाला चालू दराने जी मजुरी पडेल तेवढ्यातच स्वतःचे पोट भरावयाचे. चांगल्या कातणाऱ्यालाही त्या मजुरीत धड जेवण मिळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. श्रमाची बाजारातील किंमत आणि श्रम करणाऱ्याची गरज यांचा परस्परांशी काही संबंध उरलेला नाही, ही गोष्ट त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या उपासमारीतून जाणली. कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी, या खादी चळवळीतील आग्रहाला या प्रयोगाने बळ दिले.

गांधीजींच्या निधनानंतर विनोबांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. पवनार येथे धाम नदीच्या काठी त्यांनी कांचनमुक्तीचे व्रत आरंभिले. आश्रमाने पैशाच्या देणगीवर जगावयाचे नाही. शेत हाताने खणावयाचे, विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवावयाचा, आणि बाहेरून काही घ्यावयाचे तर श्रमाचे दान घ्यावयाचे, अशी ती रीत होती. हा प्रयोग चालू असतानाच हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे भरणाऱ्या सर्वोदय संमेलनाचे बोलावणे आले. पैसा वापरावयाचा नाही म्हटल्यावर रेल्वेही नको. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा पायीच निघाले. संमेलनानंतर तेलंगणातून परतावयाचे त्यांनी ठरविले. तेथे जमिनीसाठी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा चालू होता. रात्री बंडखोरांचे आणि दिवसा पोलिसांचे भय, अशा कात्रीत गावे सापडली होती. त्याच वाटेवर पोचमपल्ली लागले. तेलंगणातील ५१ दिवसांच्या यात्रेत १२,२०१ एकर जमीन दान मिळाली.

या दानाची घडण समजून घेतल्याशिवाय विनोबांचे वेगळेपण ध्यानात येत नाही. रूढ अर्थाने दान म्हणजे धनिकाने दीनावर केलेला उपकार. विनोबांनी तो अर्थ नाकारला. शंकराचार्यांच्या आधारे त्यांनी दान म्हणजे सम्यक विभाजन, असा अर्थ धरला. पाच मुलांच्या बापाकडे ते सहावा मुलगा म्हणून जात आणि जमिनीचा सहावा हिस्सा मागत. भिक्षेत लाचारी असते. हिश्शात हक्क असतो. मिळालेली जमीन दात्याने आपल्या मर्जीतल्या माणसाला देण्याची मुभा नव्हती. भूमिहीनांची निवड गावाच्या खुल्या सभेत व्हावी, असा दंडक होता, त्यामुळे घेणारा देणाऱ्याचा मिंधा राहू नये अशी सोय झाली. पुढे राज्यांनी भूदानाचे कायदे केले. अशी जमीन वारसाहक्काने जाईल, परंतु विकता येणार नाही, असे सर्वसाधारण तत्त्व त्यांत आले. जमिनीचा तेवढा तुकडा बाजारातूनच बाहेर पडला.

भूदानापाठोपाठ इतर दाने आली. बैल, नांगर, विहिरी यांचे साधनदान, हातांचे श्रमदान, मिळकतीच्या सहाव्या हिश्शाचे संपत्तिदान. संपत्तिदानात विनोबा पैसा हातात घेतच नसत. दात्याने तो स्वतःजवळ ठेवावा, सांगितलेल्या कामी स्वतःच खर्च करावा आणि हिशेबही स्वतःच ठेवावा, असा करार होता. उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने मे १९५२ मध्ये सारी जमीन गावाच्या नावे केली आणि ग्रामदानाची कल्पना जन्मास आली. बिहारमध्ये २२ लाख एकरांवर जमिनीची दानपत्रे मिळाली. १९५४ मध्ये बोधगया येथे जयप्रकाश नारायण यांनी आपले जीवनच या कार्याला अर्पण केले.

यश वाढू लागले तशी संघटना वाढली आणि संघटनेबरोबर निधीही आला. १९५६ अखेरीस तमिळनाडूतील पळणी येथे विनोबांनी भूदान समित्या विसर्जित केल्या आणि गांधी स्मारक निधीकडून मिळणारे द्रव्य नाकारले. दानाचे काम पगारी यंत्रणेच्या आधाराने चालविणे त्यांना विसंगत वाटले. कार्यकर्त्यांनी लोकांनी दिलेल्या सूतांजलीवर आणि घराघरांतील सर्वोदय पात्रांवर निर्वाह करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. या पात्रात घरच्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकावयाचे असे. तत्त्व म्हणून हे निर्मळ होते. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांअभावी वाटपाचे काम रेंगाळले.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात भिंड-मुरैना भागात सुमारे वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. शिक्षेत सवलतीचा सौदा विनोबांनी केला नव्हता. त्याच वर्षी इंदूर येथे त्यांनी सुमारे महिनाभर मुक्काम केला. खेड्यांत जमिनीचे दान मागणाऱ्या विनोबांना शहराने काय द्यावे, याचा शोध तेथे घ्यावयाचा होता. वेळ, श्रम, सफाई आणि सर्वोदय पात्र ही त्यांनी इंदूरकरांपुढे मांडलेली उत्तरे होती.

१९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले, तोपर्यंत जमाखर्चाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते. मिळाले चाळीस लाख एकरांहून थोडे अधिक, आणि त्यातले सुमारे निम्मेच प्रत्यक्ष वाटले गेले. उरलेल्यात खडकाळ माळ होते, जंगल होते, वादातील सातबारे होते, आणि बाप देऊन गेलेली जमीन मुलांनी परत घेतल्याची उदाहरणेही होती. ज्यांना जमीन मिळाली त्यांपैकी अनेकांकडे बैल नव्हते, बियाणे नव्हते. विकता येत नाही ती जमीन गहाणही पडत नाही, म्हणून कर्जही दुर्मीळ. बाजाराला दारातून बाहेर काढले, तरी तो खिडकीतून परत येत होता.

ग्रामदानाच्या सुधारित रूपात विनोबांनी यावर काही उपाय योजले. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, कसणे मूळ शेतकऱ्याकडे, विसावा हिस्सा भूमिहीनांना आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा दरवर्षी ग्रामकोशाला, अशी ती व्यवस्था होती. एकदाच दिलेल्या दानापेक्षा दर हंगामाला चालू राहणारी देवघेव गावाला अधिक बांधून ठेवते, हे अनुभवातून आलेले शहाणपण त्यात होते. दीड लाखावर गावांनी संकल्प केले. कायदेशीर पूर्तता फार थोड्यांत झाली. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली आणि त्या वादात दानाचा मूळ विचार लोकांच्या नजरेआड गेला.

अखेरच्या आजारात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे देहावसान झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांच्या प्रयोगाला अपयशी म्हणणे सोपे आहे. तरीही जबरदस्ती न करता आणि मोबदला न देता सुमारे वीस लाख एकर जमीन भूमिहीनांच्या हाती गेली, हे त्या हिशेबातून वगळता येत नाही. २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. त्या गावात निर्णय सर्वांच्या संमतीने घेण्याची रीत आधीच रुजलेली होती. दान टिकते ते अशा ठिकाणी. विनोबांनी माणसांच्या मनातील देण्याची वृत्ती जागी केली. ती वृत्ती दर हंगामाला सांभाळणारे गाव घडविण्याचे काम मात्र पुष्कळसे उरले.