पुस्तकांचा मोह आणि साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे झाला. 1930 मध्ये अमळनेरची शिक्षकी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात पुस्तकांच्या ओढीने पैसे चोरणारा श्याम अखेर आईपाशी अपराध कबूल करतो.

गुरुजी 11 जून 1950 रोजी निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर स्वामित्वहक्क भारतात 60, अमिरातींत 50 वर्षे टिकतो. त्यामुळे त्यांचे मूळ लेखन आज दोन्हीकडे मुक्त आहे. अल मनखूलमधील मराठी घरांनी ते मोबाइलवर एकमेकांना जरूर पाठवावे. हयात लेखकाच्या पुस्तकाची चोरटी प्रत पुढे धाडताना मात्र श्यामची ती कबुली आठवावी. वाचनाची ओढ कितीही निर्मळ असली, तरी चोरी ती चोरीच.