अणूंच्या गर्दीतून जाणारी लाट

एमआरआयच्या अहवालात टी-१ आणि टी-२ ही अक्षरे हमखास दिसतात. हे दोन काळ ज्या समीकरणांत आहेत, ती १९४६ साली फेलिक्स ब्लॉख यांनी मांडली. पण त्यांचे पहिले मोठे काम त्याच्या खूप आधीचे, आणि शरीराशी काहीही संबंध नसलेले आहे.

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी झुरिचमध्ये ज्यू कुटुंबात झाला. इंजिनिअर व्हायला निघालेला हा मुलगा भौतिकशास्त्राकडे वळला. त्याच शहरात श्रोडिंगर होते. लाटांबद्दल बोलायचे तर लाटेचे समीकरण हवे, असे डिबाय यांनी त्यांना एका चर्चेत ऐकवले आणि काही आठवड्यांत श्रोडिंगर ते घेऊन आले. श्रोत्यांत ब्लॉख होते.

१९२७ साली ते लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे गेले. तिथे एक कोडे समोर आले. तांब्याच्या तारेत एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ चाळीस लाख अणू ओळीने बसतात. प्रत्येक अणूपाशी विजेचा एक खड्डा, दोन अणूंमध्ये उंचवटा. अशा वाटेवर इलेक्ट्रॉनने पावलोपावली ठेच खायला हवी. प्रत्यक्षात तो शंभराहून अधिक अणू सहज पार करतो. कसे?

ब्लॉख यांनी श्रोडिंगरचे समीकरण या खड्ड्यांसाठी सोडवले. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. खड्डे नेमक्या अंतराने येत असतील, तर प्रत्येक अणूपाशी विखुरणाऱ्या छोट्या लाटा एकमेकींशी जुळून जातात. मूळ लाटेवर अणूंच्या तालाची बारीक नक्षी उमटते, एवढेच. दुरून पाहिले तर इलेक्ट्रॉन मोकळ्या जागेतूनच चालला आहे, फक्त त्याचे वस्तुमान बदलले आहे, असे वाटते. मात्र खड्डे-उंचवट्यांची साधी सरासरी काढून हे वस्तुमान मिळत नाही; एका अणूच्या घरात लाट कशी वागते, ते आधी सोडवावे लागते. बारीक, पुनरावृत्त रचनेच्या पदार्थांची समीकरणे सोपी करताना गणितज्ञांनी पुढे १९७० च्या दशकात ब्लॉख यांच्याच लाटा वापरल्या.

मग तारेला रोध येतो कुठून? शिस्त मोडते तिथून: परका अणू घुसला, किंवा उष्णतेने अणू थरथरू लागले, की लाट विखुरते. तार तापली की रोध वाढतो तो यामुळे.

अतिशीत धातूंत रोध पूर्ण नाहीसा का होतो, हे मात्र ब्लॉख यांना सुटले नाही. अतिवाहकतेचा कोणताही सिद्धांत खोटा ठरवता येतो, असा सिद्धांतच त्यांनी गमतीने मांडला होता!

१९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि १९३४ मध्ये ते स्टॅनफर्डला पोहोचले. युद्धकाळात शत्रूचे रडार निकामी करण्याच्या कामात रेडिओतंत्र हाताखालून गेले. ते लगेच उपयोगी पडले. १९४६ मध्ये हॅन्सन आणि पॅकार्ड यांच्यासह त्यांनी पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा रेडिओ संकेत पकडला. हार्वर्डमध्ये पर्सेल यांनीही स्वतंत्रपणे तसेच केले. १९५२ चे नोबेल दोघांना मिळाले. १९५४ मध्ये ते सर्नचे पहिले महासंचालक झाले, पण वर्षभरात पुन्हा स्टॅनफर्डला परतले.

अतिवाहकतेचे कोडे १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सोडवले. १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिचमध्ये ब्लॉख यांचे निधन झाले, तेव्हा एमआरआय यंत्रे रुग्णालयांत नुकतीच येऊ लागली होती. आज त्यांपैकी बहुतेकांचे चुंबक द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या, रोध अजिबात नसलेल्या तारांच्या वेटोळ्यांवर चालते.