दोन थेंबांमागचा डॉक्टर

भारतात वाढलेल्या आपल्या पिढीला पल्स पोलिओचा रविवार चांगलाच आठवतो. अंगणवाडीतलं बूथ, लसीचा थंड डबा, जिभेवर दोन थेंब आणि करंगळीवर शाईची खूण. इकडे अमेरिकेत बाळ झालं की आजी-आजोबा फोनवर हमखास विचारतात, पोलिओचे थेंब पाजले का? इथे थेंब नाहीत, इंजेक्शन आहे. गंमत म्हणजे ते थेंब तयार करणारे डॉ. अल्बर्ट सेबिन अमेरिकेचेच, आणि आपल्यासारखेच बाहेरून आलेले.

सेबिन यांचा जन्म १९०६ साली बिआलिस्टॉकला, एका ज्यू कुटुंबात. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. १९२१ मध्ये कुटुंब न्यू जर्सीतल्या पॅटरसनला आलं. एका नातेवाइकाच्या मदतीवर अल्बर्ट दंतवैद्यक शिकू लागले. पण जंतूंच्या शोधांवरचं पॉल डी क्रुइफ यांचं पुस्तक वाचलं आणि त्यांनी दातांचा नाद सोडून वैद्यकशास्त्र धरलं. १९३१ मध्ये ते डॉक्टर झाले, त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली. मग पुढची कित्येक वर्षं त्यांनी या रोगाचा पिच्छा सोडला नाही.

पोलिओचा विषाणू नाकातून थेट मेंदूकडे जातो, असा तेव्हा समज होता. १९३६ मध्ये सेबिन यांच्याच प्रयोगात हा विषाणू फक्त मज्जापेशींत वाढला, त्यामुळे त्या समजाला बळच मिळालं. पण सिनसिनाटीला गेल्यावर त्यांनी पोलिओने दगावलेल्यांची शवविच्छेदनं तपासली. विषाणू नाकात नव्हता, आतड्यात होता! १९४१ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं.

पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलं. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची मृत विषाणूची लस आली. तिच्यामुळे रक्तात अँटीबॉडी तयार होतात आणि अपंगत्व टळतं. पण विषाणू आतड्यात वाढून शौचावाटे दुसऱ्या मुलापर्यंत पोचू शकतो. सेबिन यांना त्याला वेशीवरच अडवायचं होतं. म्हणून त्यांनी जिवंत पण दुबळा केलेला विषाणू तोंडावाटे द्यायचं ठरवलं. आधी स्वतः घेतला, बायको-मुलींना दिला. अमेरिकेत साल्क लस आधीच पसरली होती, म्हणून मोठी चाचणी १९५९ मध्ये सोव्हिएत रशियात झाली, तीही शीतयुद्ध चालू असताना! २४ एप्रिल १९६० च्या रविवारी सिनसिनाटीत मुलांच्या रांगा लागल्या. पोलिओ रविवार तिथेही होता तर!

ही लस आतड्यात नेमकं काय करते, ते १९६० च्या दशकात उलगडलं. आतड्याच्या अस्तराखालच्या पेशी आयजीए नावाच्या अँटीबॉडी बनवतात. त्या जोडीजोडीने अस्तर ओलांडतात आणि जाताना त्यांना प्रथिनाचं एक कवच मिळतं, म्हणून त्या पाचकरसातही टिकतात. विषाणू पेशीला चिकटायच्या आत त्या त्याला धरतात. आईच्या चिकातही त्या भरपूर असतात. तोंडावाटे दिलेल्या लसीने त्या तयार होतात, इंजेक्शनने फारशा होत नाहीत, हे १९६८ मध्ये बफेलोत दाखवलं ते भारतातून आलेल्या डॉ. प्यारे ओगरा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

दोषही होता. क्वचित हा दुबळा विषाणू बदलतो आणि पुन्हा अपंगत्व आणू शकतो. सेबिन यांनी ते सहजासहजी मान्य केलं नाही. पण पोलिओ जवळपास संपल्यावर अमेरिकेला तो धोकाही नको होता, म्हणून २००० पासून इथे फक्त इंजेक्शन आहे. मात्र २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला लसीतूनच बदललेल्या विषाणूने गाठलं. म्हणून आजी-आजोबांना सांगायचं, थेंब नसले तरी डोस चुकवत नाही.

सेबिन यांनी लसीचं पेटंट घेतलं नाही. परळच्या हाफकिनमध्ये तयार झालेले थेंब गावोगाव पोचले, ते त्यांच्याच लसीचे. ३ मार्च १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये ते वारले. भारतात पल्स पोलिओ त्यानंतर दोन वर्षांनी, १९९५ मध्ये सुरू झाला. जंगली विषाणूचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ते बघायला सेबिन नव्हते. आपण मात्र ते पाहिलं, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या करंगळीला त्याची शाईही लागली होती.