परक्या भूमीवरचा पाया

देशोधडीला लागलेला समाज परमुलखात प्रथम पोटाची खळगी भरण्याच्या मागे असतो. भव्य वास्तू उभारण्याची भाषा त्याच्या तोंडी कोणालाही हास्यास्पदच वाटावी. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील आयरिश कॅथलिकांनी संत पॅट्रिकच्या नावाने कॅथीड्रल बांधण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्यांचेही असेच हसे झाले. त्या उपहासाला पुरून उरणारे गृहस्थ म्हणजे आर्चबिशप जॉन ह्यूज.

त्यांचा जन्म १७९७ साली आयर्लंडच्या टायरोन परगण्यात, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. कॅथलिकांवर त्या काळी कायद्याचे जाचक निर्बंध होते. बहीण वारली तेव्हा धर्मगुरूला दफनभूमीत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्याने बाहेरच मूठभर माती आशीर्वाद देऊन हाती ठेवली आणि ती थडग्यावर वाहण्यात आली. हे शल्य उराशी घेऊनच ह्यूज १८१७ साली अमेरिकेत आले. मेरीलँडमधील एमिट्सबर्गच्या विद्यालयात प्रमुख जॉन द्युबुआ यांनी त्यांना प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी तेथेच माळीकाम पत्करले. अखेर एलिझाबेथ सीटन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. याच सीटनबाई १९७५ साली अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या संत ठरल्या. ह्यूज १८२६ साली धर्मगुरू झाले आणि १८३८ साली न्यूयॉर्कला साहाय्यक बिशप म्हणून गेले. तेथील बिशप होते तेच द्युबुआ!

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावरील रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८५५ साली न्यूयॉर्कच्या लोकसंख्येत एक चतुर्थांशाहून अधिक लोक आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. गोदीतले मजूर आणि घरोघरच्या मोलकरणी यांत त्यांचाच भरणा मोठा. १८४४ साली फिलाडेल्फियात परकीयद्वेष्ट्या जमावांनी कॅथलिक चर्चे जाळली, तेव्हा ह्यूज यांनी न्यूयॉर्कमधील चर्चांभोवती माणसांचे पहारे बसविले.

परंतु ह्यूज केवळ पहाऱ्यांवर विसंबून राहिले नाहीत. फोर्डम येथे १८४१ साली त्यांनी महाविद्यालय काढले. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतील प्रॉटेस्टंट वळणाच्या शिक्षणाविरुद्ध ते झगडले. कॅथलिक शाळांना अनुदान मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शाळांचे जाळे विणले. स्थलांतरितांची पै-पैशाची बचत सुरक्षित राहावी म्हणून १८५० साली निघालेल्या बँकेला त्यांचे पाठबळ होते. कॅथीड्रलची पायाभरणी झाली ती या सर्वांच्या मागून.

ज्याच्या नावे हे मंदिर उभे राहायचे होते, तो संतही मूळचा आयर्लंडचा नव्हे. रोमन ब्रिटनमधून चाच्यांनी पळवून नेलेला तो एक गुलाम. निसटून घरी परतला आणि पुढे धर्मप्रसारासाठी आपणहून त्याच बेटावर गेला. निर्वासितांच्या मनाला हा संत जवळचा वाटावा, यात नवल नाही.

१५ ऑगस्ट १८५८ रोजी, तेव्हा शहराबाहेर समजल्या जाणाऱ्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील जागेत, सुमारे एक लाख लोकांसमोर कोनशिला बसली. १०३ जणांनी प्रत्येकी एक हजार डॉलर दिले. त्यांत दोघे कॅथलिकही नव्हते. गरिबांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी दिली. तरीही १८६० साली पैसा संपला, पाठोपाठ यादवी युद्ध पेटले आणि बांधकाम थांबले.

या काळात ह्यूज यांची एक उणीवही उघड झाली. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या चळवळीला त्यांचा विरोध होता. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध उसळलेल्या दंगलीत आयरिश जमावांनी कृष्णवर्णीयांचे बळी घेतले. त्याच फिफ्थ ॲव्हेन्यूवरील कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळण्यात आले. आजारी ह्यूज यांनी सज्जातून लोकांना शांततेचे आवाहन केले खरे, पण तोवर दंगल बहुतांशी शमली होती. चर्चे जळताना पाहिलेल्या समाजातील माणसांनीच दुसऱ्यांची वास्तू जाळावी, हा दैवदुर्विलास होय.

३ जानेवारी १८६४ रोजी ह्यूज निवर्तले. कॅथीड्रल खुले झाले ते २५ मे १८७९ रोजी आणि त्याचे मनोरे पुरे व्हायला १८८८ साल उजाडले. १८८३ साली ह्यूज यांचे अवशेष तेथे आणून ठेवण्यात आले. गांजलेल्या समाजाला ताठ मानेने उभे करण्याचे कार्य त्यांनी निःसंशय केले. मात्र, आपल्यावर झालेल्या अन्यायाची आठवण दुसऱ्यावरील अन्याय ओळखायला शिकवीत नसेल, तर दगडी मनोरे कितीही उंच गेले तरी पाया अपुराच राहतो, हेही त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.