पुन्हां रिकिबींत पाय : महादजी शिंदे यांचें अल्प चरित्र

आमच्या जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांत जामगांव म्हणून एक गांव आहे. तेथें महादजी शिंदे यांचा वाडा आहे. दक्षिणेस श्रीगोंदें, म्हणजे जुनें चांभारगोंदें, येथेंही शिंद्यांचे वाडे आहेत. या दोन्ही तालुक्यांतील मुलें आमच्या शाळेंत शिकतात व सुटींत त्याच वाटांनीं घरीं जातात. परंतु ज्या पुरुषाच्या नांवानें हे वाडे ओळखले जातात, त्यास एके काळीं घोड्यावर बसतां येईना म्हणून बैलावर घालून आणावें लागलें होतें, हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. या अंकांत त्यांचें चरित्र सांगण्याचें आम्ही योजिलें आहे, तें केवळ त्यांच्या लढायांची यादी देण्यासाठीं नव्हे. पराभवानंतर जो सक्तीचा विसावा मिळतो तो मनुष्यानें कसा घालवावा, हें त्या चरित्रापासून शिकण्यासारखें आहे, म्हणून.

महादजींचा जन्म सन १७३० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील राणोजी शिंदे हे सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यांतले. पेशव्यांच्या चाकरींत राहून ते माळव्यांत मोठ्या योग्यतेस चढले. महादजी हे त्यांचे धाकटे पुत्र. या घराण्यानें रणांगणावर जेवढे पुरुष दिले तेवढे क्वचितच कोणत्या घराण्यानें दिले असतील. वडील बंधु जयाप्पा सन १७५५ त नागोर येथें मारले गेले. दुसरे बंधु दत्ताजी सन १७६० च्या जानेवारींत दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पुढें एका वर्षानें, ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतचा घोर संग्राम झाला. त्यांत तुकोजी पडले, व जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हातीं सांपडून मारले गेले. महादजी तेवढे वांचले. पण कसे वांचले, तेंच येथें सांगावयाचें आहे.

लढाईचा रंग पालटल्यावर महादजी एका उमद्या दक्षिणी घोडीवर स्वार होऊन निघाले. एक धिप्पाड अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला. त्याचें जनावर अंगानें मोठें व दिसावयास बेढब होतें. सर जॉन माल्कम यांनीं मध्य हिंदुस्थानच्या इतिहासांत ही हकीकत नमूद केली आहे. महादजी घोडीस भरधांव सोडीत व पुष्कळ अंतर काटीत. मग घोडीस दम घेऊं द्यावा म्हणून थांबत. थांबून मागें पाहावें तों तो बेढब घोडा आपल्या एकसारख्या चालीनें येतच आहे! पुन्हां भरधांव, पुन्हां थांबणें, आणि पुन्हां तोच स्वार मागें. अखेरीस घोडी थकून एका खळग्यांत पडली. अफगाणानें महादजींस गांठलें, परशूसारख्या हत्यारानें त्यांच्या गुडघ्यावर घाव घातला, व त्यांस तेथेंच टाकून तो निघून गेला. हा पाठलाग महादजींस पुढें कित्येक वर्षें स्वप्नांतही दिसे, असें सांगतात.

तशा स्थितींत राणेखान नांवाच्या एका भिस्त्यानें त्यांस पाहिलें. लष्करास पाणी पुरविण्याचें त्याचें काम. त्यानें जखमी सरदारास आपल्या बैलावर घातलें व दक्षिणेच्या वाटेस लाविलें. ज्या दिवशीं मोठमोठ्या सेनापतींस आपापला जीव वांचविण्याची पंचाईत पडली होती, त्या दिवशीं एका पाणक्यानें परक्याचा जीव वांचविला. महादजींनीं त्यास पुढें भाऊ मानलें, व राणेखानभाई म्हणून तो मोठा सरदार झाला.

येथें आपल्या जुन्या पागेची व्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. शिवछत्रपतींच्या घोडदळांत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, व तितक्याच घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असें सभासदांच्या बखरीवरून समजतें. स्वाराचें नांव इतिहासांत राहतें. परंतु पाणी देणारा, नाल ठोकणारा, खरारा करणारा व चंदी चारणारा यांच्यावांचून घोडा चार मुक्काम देखील चालणार नाहीं. राणेखान हा अशाच लोकांपैकीं होता.

मराठ्यांची स्वारी बहुधा दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघे व पावसाळ्याच्या तोंडीं छावणीस परत येई. नद्यांना पूर, रस्त्यांत चिखल, अशा दिवसांत घोडदळास हालचाल करणें कठीण. हे चार महिने म्हणजे निव्वळ आळसाचे दिवस, असें मात्र कोणी समजूं नये. शिवछत्रपतींनीं चिपळूणजवळच्या छावणींतील अंमलदारांस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत त्यांनीं बजावलें आहे कीं, दाणावैरण आतांच मनस्वी उधळली तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, आणि मग शिपाई कुणब्याच्या घरावर हात घालतील. रात्रीं जळता दिवा ठेवूं नये, उंदरानें वात पळवून गवताच्या गंजीस आग लागेल, इतकी बारीक सूचना त्यांत आहे. राज्य करणारा पुरुष उंदराचाही विचार करतो, कारण छावणींत झालेली चूक मोहिमेंत फेडावी लागते.

मोहिमेवरून आलेल्या घोड्यास विसाव्यांत कसें वागवावें याचें एक शास्त्रच आहे. काम बंद झालें कीं चंदीही बेतानें कमी करावी लागते; नाहीं तर जनावरास पोटशूळ होतो, किंवा तें माजतें. खोगिरानें पाठीस पडलेल्या जखमा भरूं द्याव्या लागतात. मग पुन्हां कामास लावतांना प्रथम केवळ कदम चाल, पुढें कांहीं दिवसांनीं दुडकी, आणि दम वाढला म्हणजे भरधांव, असा क्रम ठेवावा लागतो. पहिल्याच दिवशीं घोडा पळविला तर त्याचे पाय सुजतात, आणि महिन्याची मेहनत फुकट जाते. चाबुकस्वार शिकाऊ घोड्यास वर्तुळांत फेरतो तो त्यास दमविण्यासाठीं नव्हे, तर त्याची चाल एकसारखी व्हावी म्हणून. पानिपतच्या वाटेवर जी घोडी पडली ती जातीची व चपळ होती; त्या दिवशीं सरस ठरली ती मात्र एकसारखी चाल.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. तिच्या थडीचे घोडे मराठेशाहींत नांवाजलेले होते. आकारानें मध्यम, पायानें कणखर व थोड्या दाण्यावर निभावणारे असे हे भीमथडी घोडे. अलीकडे भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी दप्तरीं नोंदली गेली आहे.

जें घोड्याचें तेंच स्वाराचें. महादजींचा पाय जन्मभर अधू राहिला. घोड्यावर बसणाऱ्याची सारी भिस्त मांडीवर व गुडघ्यावर असते. त्यांनींच तो घोड्यास धरतो व त्यांनींच त्यास इशारा देतो. गुडघा निकामी झाला म्हणजे जुनी मांड कामाची राहत नाहीं. मग तोल सांभाळणें, हात हलका ठेवणें व लगाम न ओढतां घोड्यास वळविणें, हें सर्व नव्यानें शिकावें लागतें. तिशी उलटलेल्या नामांकित सरदारास असें पोराप्रमाणें पुन्हां आरंभापासून शिकणें किती जड जात असेल, याची कल्पना करावी.

त्यांतच दुसरें संकट उभें राहिलें. जनकोजींच्या मागें शिंद्यांच्या सरंजामाचा वारस कोण, हा तंटा लागला. महादजींच्या मातेच्या कुळावरून त्यांच्या हक्कास हरकत घेण्यांत आली, व दुसऱ्या दावेदारांस कांहीं बलिष्ठांचा पाठिंबा मिळाला. पाय अधू, घर उद्ध्वस्त, दौलत वादांत, अशी कित्येक वर्षें गेलीं. अखेर सन १७६८ त थोरल्या माधवराव पेशव्यांनीं सरंजाम महादजींकडे कायम केला. पानिपतानंतर या गोष्टीस सात वर्षें लागलीं.

पुढचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. सन १७७१ च्या फेब्रुवारींत, पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांनीं, मराठ्यांनीं दिल्ली हस्तगत केली, आणि सन १७७२ च्या जानेवारींत बादशहा शहाआलम महादजींच्या साह्यानें आपल्या राजधानींत परत आला. सन १७७९ च्या जानेवारींत मुंबईहून पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रजी फौजेस वडगांव येथें कोंडून तह करावयास लावण्यांत महादजींचा मोठा भाग होता. सन १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीनें झाला. सन १७८४ त बादशहानें मुखत्यारीचा अधिकार दिला. इतका मान मिळूनही ते आपणांस पाटील म्हणवीत, आणि लोक त्यांस पाटीलबावा म्हणत.

यश एकदां आलें कीं तें कायम टिकतें, असें मात्र नाहीं. सन १७८७ त राजपुतान्यांत लालसोटच्या मोहिमेंत फौजेचे पगार थकले, आणि बादशाही पलटणी तोफांसह शत्रूस मिळाल्या. हा दोष सर्वस्वीं दुसऱ्यांचा होता असें म्हणतां येणार नाहीं. महादजींस माघार घ्यावी लागली व उत्तरेंतील त्यांचा अंमल ढळला. परंतु या वेळीं ते भरधांव पळाले नाहींत. त्यांनीं फौज राखली, दक्षिणेंतून कुमक मागविली, आणि वर्षभरांत आग्र्याची सुटका केली. सन १७८८ त गुलाम कादरानें शहाआलमचे डोळे काढले, तेव्हां त्या दुष्टाच्या पारिपत्यासाठीं महादजींनीं जी फौज पाठविली तिचा एक प्रमुख कोण होता म्हणाल? तोच पानिपतावरील भिस्ती, राणेखान.

महादजींचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. ते स्वतः घोडदळांत वाढले. तरीपण केवळ घोड्यांवर यापुढें लढाई जिंकतां येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. सव्हाय प्रांताच्या द बॉइन्य या सेनानीस सन १७८४ त चाकरीस ठेवून त्यांनीं कवाइती पलटणी व तोफखाना तयार करविला. सन १७९० त मेडत्याच्या लढाईंत राठोडांच्या शूर घोडेस्वारांनीं या पलटणींवर हल्ले केले, पण बंदुकांपुढें त्यांचा इलाज चालला नाहीं. त्यानंतर दीडशें वर्षांत जगांतून लढाऊ घोडा जवळजवळ नाहींसाच झाला. आमच्या नगर शहरांतील रणगाड्यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही गोष्ट पटेल. ज्या पलटणींच्या नांवांत अद्याप घोडदळ हा शब्द आहे, त्या आज रणगाड्यांवर स्वार होतात. साधन बदललें, परंतु अवकाशांत करावयाची तयारी बदलली नाहीं.

सन १७९२ त महादजी पुण्यास आले, व ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडी येथें त्यांचें देहावसान झालें. तेथें त्यांची छत्री आहे.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां वर्ष संपत आलेलें असेल. कोणी परीक्षेंत मागें पडला असेल. कोणी धांवण्याच्या शर्यतींत पडून पाय दुखावून घेतला असेल व पुढचे सामने आपणांस मुकले म्हणून खिन्न बसला असेल. त्यास आमचें एवढेंच सांगणें कीं, ही तुझी छावणी आहे. पहिल्या दिवशीं कदम चाल पुरे; पण ती रोज असावी, आणि एकसारखी असावी.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा एकदां पडला म्हणजे त्याचें सर्व संपलें असें आपण घाईनें ठरवितों. कोणी त्यास शाळेंतून काढतो, कोणी चारचौघांत टोचून बोलतो. पानिपताहून बैलावर पडून आलेल्या त्या जखमी मनुष्याकडे पाहून, हा दहा वर्षांनीं दिल्लीस जाईल असें कोणास वाटलें असतें? राणेखानानें तसलें कांहीं भाकीत केलें नाहीं. त्यानें पाणी पाजलें, वर उचलून घेतलें, व घरची वाट धरली. पडलेल्या मुलासाठीं घरांतून तेवढेंच झालें तरी पुष्कळ आहे. रिकिबींत पाय तो आपला आपण घालील.